चार तारा, एक खांदा

मंडळी, गेले चार वीकेंड एकाच प्रश्नात गेले. माझा जुना बेस गिटार बदलायचा की नाही? फ्लॅट घेताना आम्ही दोन वीकेंडमध्ये निर्णय घेतला होता. हा हिशोब बायकोने मला आत्तापर्यंत तीनदा ऐकवलाय.

ज्यांना बेस म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दिसायला गिटारसारखाच, पण मान लांब आणि तारा चारच, त्याही जाड. सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे कानाइतकीच पोटात ऐकू येते. आर. डी. बर्मनच्या कितीतरी गाण्यांत गायकाच्या खाली जे काही गुपचूप चालू असतं, ते टोनी वाझ यांनी वाजवलेलं आहे. बेस असताना बहुतेकांचं लक्ष जात नाही, काढून घेतला की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. थोडक्यात, आमच्या धंद्यातल्या सर्व्हरसारखा प्रकार. चालू असेपर्यंत कोणी विचारत नाही.

माझा बेस मी २००६ मध्ये घेतला, सेकंडहँड. नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. माहीमला एक गोवेकर अंकल ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांना विकायचा आहे असं मित्राकडून कळलं. अंकलनी आधी स्वतः दहाएक मिनिटं वाजवून दाखवला. मध्येच थांबून डाव्या हाताची बोटं झटकली, मग पुन्हा वाजवलं. मी विचारलं, अंकल, एवढा छान आहे तर विकताय कशाला? म्हणाले, "अभी हाथ नहीं चलता ना, बाबा."

मला वाटलं, गिऱ्हाईकाला सांगायची गोष्ट आहे. मी घासाघीस करून दहा हजारांचे नऊ हजार केले. दादरहून सिंहगड एक्स्प्रेसमध्ये ते भलंमोठं कव्हर मांडीवर उभं धरून पुण्याला आलो. समोरच्या आजोबांनी लोणावळ्यापर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं, "सतार का?"

असो. बेस प्रिसिजन पद्धतीचा आहे. लिओ फेंडरने १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. मानेवर पट्ट्या, म्हणजे फ्रेट, असल्यामुळे स्वर अचूक लागतो, म्हणून हे नाव. माझा मूळ फेंडर वगैरे नाही, त्याच घाटाची नक्कल आहे. इतक्या वर्षांत दोन पॉट बदलले, जॅक बदलला, फ्रेट दोनदा घासून घेतले. तारा किती बदलल्या त्याची गणतीच नाही. वजन साडेचार किलो.

आणि इथेच गोची झाली.

गेल्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात अडीच तास उभ्याने वाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घालायला डावा हात वर जाईना. चार दिवसांत बरं वाटेल म्हटलं, चार महिने गेले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी वजन विचारलं, मी सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे साडेचार किलोची पिशवी तुम्ही एका खांद्याला अडीच तास अडकवता. हौस म्हणून?" यावर काय बोलणार? रुंद पट्टा आणला, बसून वाजवून पाहिलं. घरी बसून जमतं. पण ऑफिसच्या बँडमध्ये सगळे उभे आणि मी एकटा खुर्चीत म्हणजे सत्यनारायणाला बसल्यासारखं वाटतं.

मग दुकानात एक शॉर्ट स्केल बेस पाहिला. नेहमीच्या बेसवर तारेची वाजती लांबी ३४ इंच असते, याच्यावर ३० इंच. त्यामुळे मान आखूड, बोटं कमी ताणावी लागतात. वजन तीन किलो. किंमत चाळीस हजार. जुना एक्स्चेंजमध्ये दिला तर पाच हजार कमी. दुकानदाराने माझा बेस उलटसुलट करून पाहिला आणि 'पाच' असं म्हणाला. तेवढ्यावरूनच मी महिनाभर नाराज होतो.

सल्ले भरपूर मिळाले. अर्धे मित्र म्हणाले, "अरे घेऊन टाक, कमावतोस कशाला?" उरलेले म्हणाले, "जुनं ते सोनं, नव्यात ती मजा नाही." दोन्ही बाजूंकडे थोरामोठ्यांचे दाखलेही होते, कारण बेसवाल्यांचा इतिहास अशा गोष्टींनी भरलेला आहे.

पॉल मॅकार्टनीचंच घ्या. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्याने हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला, साधारण तीस पौंडांना. (तोही शॉर्ट स्केल आणि वजनाला एकदम हलका, हे नोंदवून ठेवा.) १९६३ मध्ये त्याच कंपनीचा दुसरा घेतला आणि पुढे मुख्य बेस तोच झाला. पहिला १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला. पुढे त्याच्या शोधासाठी रीतसर मोहीम निघाली आणि तो सापडून मॅकार्टनीकडे परत आल्याचं २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. म्हणजे बदललाही होता आणि पन्नास वर्षांनी हवाही होता. आता हा दाखला कोणत्या बाजूचा धरायचा, बोला!

दुसरा जेम्स जेमर्सन. मोटाऊनच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत याचा बेस आहे. बराचसा वाजवला १९६२ च्या एका प्रिसिजनवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही अशी त्याची ख्याती. तो बेस १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी, चोरीला गेला. जेमर्सनचं नाव 'जुनं सोडू नका' म्हणणारे नेहमी घेतात. पण १९६२ चा हा बेसही त्याने आधीचा चोरीला गेला म्हणून घेतलेला होता, हे कोणी सांगत नाही. तो वाद्य बदलूनही जेमर्सनच राहिला.

मी पडलो इंजिनिअर. दाखल्यांनी भागेना म्हणून एक्सेल शीट केली. वजन, आवाज, बोटांना ताण, किंमत, 'भावनिक मूल्य' (हो, असा कॉलम केला, हसू नका). प्रत्येकाला गुण दिले. नवा पुढे आला. मग मी भावनिक मूल्याचं वेटेज वाढवलं. जुना पुढे आला. मग खांदा दुखला, वेटेज परत कमी केलं. तिसऱ्या वेळी शीट बंद केली. ज्या टेस्टचे निकष आपण निकाल बघून बदलतो ती टेस्ट नव्हे, हे मी ज्युनिअर पोरांना रोज सांगतो.

शेवटी दुकानदाराला गळ घालून एक तास मागितला. जुना बेस घेऊन गेलो आणि दोन्हींवर आलटून पालटून तीच गाणी वाजवली. त्या तासात मला एक भलतीच गोष्ट कळली.

या घाटाच्या बेसवर एक जागा बऱ्याचदा आजारी असते. सगळ्यात बारीक तारेवर, साधारण पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास. तिथला स्वर वाजतो, पण टिकत नाही, लगेच विझतो. 'डेड स्पॉट' म्हणतात. मानेचं लाकूड नेमक्या त्या कंपनांना साथ द्यायला लागतं आणि तारेची ताकद खाऊन टाकतं. यावर पक्का इलाज नाही. माझ्या बेसवर ही जागा पाचव्या फ्रेटवर आहे, म्हणजे 'सी' हा स्वर. तो लांबवायचा असेल तर मी शेजारच्या तारेवर दहाव्या फ्रेटला जातो. तिथे तोच स्वर जरा जाड, गोल वाजतो. वर्षानुवर्षं असंच वाजवतोय.

नव्या बेसवर तो 'सी' पाचव्या फ्रेटला एकदम स्वच्छ होता. आणि मी तिथेही दहाव्या फ्रेटलाच जात होतो! दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "काका, एवढं लांब कशाला जाताय? इथेच आहे की." मी पाचव्याला वाजवून पाहिला. बरोबर होता, पण माझा वाटेना.

म्हणजे बघा. ज्याला मी इतकी वर्षं 'माझ्या बेसचा टोन' म्हणत होतो, त्यातला मोठा भाग त्याच्या एका दोषाभोवती मी काढलेली वाट होती. आणि ती वाट लाकडात नाही, माझ्या बोटांत आहे. बेस दुकानात ठेवून आलो तरी ती माझ्याबरोबर घरी येणार.

जोएल स्पोल्स्कीचा २००० सालचा एक प्रसिद्ध लेख आमच्या व्यवसायात अजूनही वाचतात. नेटस्केपने चालू ब्राउझर टाकून नव्याने लिहायला घेतला आणि त्यात जवळपास तीन वर्षं घालवली, ही मोठी घोडचूक, असं त्यात म्हटलंय. जुन्या कोडमधल्या वेड्यावाकड्या ओळी म्हणजे कधीतरी, कुणीतरी निस्तरलेले बग असतात, फाइल पुसली की तो अनुभवही पुसला जातो. मी आधी हाच मुद्दा जुना बेस ठेवण्याच्या बाजूने वापरत होतो. दुकानातल्या त्या तासानंतर वाटलं की आपण चुकीची गोष्ट जपत होतो. इथे जुना कोड म्हणजे मी. बेस हे फक्त हार्डवेअर.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आवडतं वाद्य बदलायचं की नाही हे ठरवताना आपण दोन प्रश्न एकात कालवतो. मला वाजवायला काय लागेल, हा एक. आणि या जुन्या वस्तूचं मी काय देणं लागतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शरीराला विचारावं. मन तिथे खोटं बोलतं, कधी नव्याच्या हव्यासाने, कधी जुन्याच्या कौतुकाने. मला साडेचार किलो झेपत नाहीत. एवढंच आहे ते. हे मान्य करायला चार वीकेंड लागले, कारण त्यात बेसपेक्षा माझ्या वयाचा प्रश्न जास्त होता.

तेव्हा नवा घेतला. त्याचेही दोष आहेत. तारा आखूड म्हणून ताण कमी, त्यामुळे खालची जाड तार जराशी लिबलिबीत वाटते. ठीक आहे, काढू वाट.

दुसऱ्या प्रश्नाचं सोपं उत्तर म्हणजे जुना भिंतीवर टांगायचा. घरात येणारा प्रत्येक जण "वा, वाजवता का?" विचारेल. पण टांगलेला बेस खराब होतो. चार तारा मिळून मानेला सत्तर-ऐंशी किलोंच्या ओढीने खेचत असतात, पावसाळ्यात लाकूड फुगतं, मान वाकते, आतली लोखंडी सळई फिरवून ती सरळ करावी लागते. रोज वाजवणाऱ्याच्या हे बोटांना कळतं. भिंतीला कळत नाही. पॉटही न फिरवता पडून राहिले की खरखरायला लागतात. वाद्याचं देणं असेल तर ते एवढंच, की ते वाजत राहावं.

एक्स्चेंजचे पाच हजार मी घेतले नाहीत. आमच्या टीममध्ये एक पोरगा आहे, नुकताच लागलाय, दर शुक्रवारी आमच्या प्रॅक्टिसला येऊन कोपऱ्यात बसतो. त्याला विचारलं. म्हणाला, "सर, कितीला देणार?" मी म्हटलं नऊ हजार. तो म्हणाला, "आठला द्या ना." मला माहीमची ती खोली आठवली, अंकलची झटकलेली बोटं आठवली आणि मी काही न बोलता आठ हजारांना दिला. त्यांचे हजार रुपये त्यांना परत करायचा दुसरा मार्ग मला आता माहीत नाही. तो फोन नंबर केव्हाच बंद झालाय.

देताना रीतसर केटी दिली. पावसाळ्याआधी मान तपासायची, सळई एकदम पाव वळशापेक्षा जास्त फिरवायची नाही, खांदा दुखायला लागला तर माझ्यासारखा वेळ काढायचा नाही. सगळं त्याने मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

पाचव्या फ्रेटच्या 'सी'बद्दल मात्र काही सांगितलं नाही. गेल्या शुक्रवारी तो तिथे अडकला, दोनदा वाजवून पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. मी माझा तीन किलोंचा बेस लावत गप्प बसलो. बघू, तो कुठून वाट काढतो ते.