कोंडी फोडणारे प्यादे
बुद्धिबळात पुढे गेलेला घोडा परत आणता येतो. प्याद्याला ती मुभा नाही. ते एक घर सरकले की आधी राखलेली घरे कायमची सुटतात. प्यादी हाच या खेळाचा प्राण, असे बुद्धिबळपटू फिलिडोरने १७४९ साली लिहिले ते उगाच नव्हे. डावाची फ्रेंच बचाव ही सुरुवातच घ्या. पांढऱ्याची प्यादी डी४ आणि ई५ वर, काळ्याची ई६ आणि डी५ वर, चारही समोरासमोर अडकलेली. काळ्याचा पांढऱ्या घरांतला उंट तर आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेला. नवखा खेळाडू इथे मोहरी नुसती इकडून तिकडे हलवत बसतो. जाणता लगेच सी५ खेळतो. प्याद्यांच्या साखळीवर घाव घालायचा तर तिच्या पायावर, ही बुद्धिबळपटू निम्झोविचची शिकवण. ई५ ला आधार डी४ चा; म्हणून एक घोडा सी६ वर, वजीर बी६ वर, दुसरा घोडा वाट काढत एफ५ वर, आणि सगळ्यांचा रोख त्या एका प्याद्यावर! एका प्याद्याच्या खेळीने सगळ्या फौजेला काम मिळते, यापेक्षा देखणे या खेळात मला काही दिसत नाही. एफ६ हा दुसरा घाव मात्र जपून घालावा. त्याने एफ पट्टी हत्तीला मोकळी होऊ शकते, पण पांढऱ्याने ते प्यादे मारले की ई६ चे प्यादे उघडे पडते. तेव्हा आधी किल्लेकोट, ई६ ची राखण, आणि मगच एफ६.