ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हला बूच नको

थंडी सुरू झाली की प्लंबरकडे एक तक्रार हमखास येते : गिझरखालचा छोटा व्हॉल्व्ह ठिबकतो. ओट्यावर पाणी साचते, भिंतीला ओल धरते. मग अनेक घरांत सोपा उपाय केला जातो. व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारले जाते. गळती थांबते खरी. पण वाढलेला दाब बाहेर पडण्याची वाटही त्याबरोबर बंद होते.

पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे पाव लिटरने वाढते. नळ बंद असतो आणि गरम पाणी उलटे जाऊ नये म्हणून पाणी आत येण्याच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप असते. टाकीतला दाब वाढत जातो आणि ठरावीक मर्यादेला, अनेक घरगुती गिझरांत साधारण ८ बारला, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून थोडे पाणी सोडतो. पाणी तापत असताना पडणारे थेंब म्हणजे बिघाड नव्हे. व्हॉल्व्ह आपले काम करत असतो.

थर्मोस्टॅट आणि त्याच्या जोडीचा कटआउट दोन्ही निकामी झाले, तर हाच व्हॉल्व्ह शेवटचा आधार. बंद टाकीत दाबाखालचे पाणी १०० अंशांना उकळत नाही. ८ बारला ते १७० अंशांच्या पुढेही पाणीच राहते. अशी टाकी फुटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. स्फोट होतो तो यामुळे.

'आमचा तर इन्स्टंट गिझर, त्याला टाकीच नाही,' असा एक समज आहे. आपल्याकडे स्वयंपाकघरात इन्स्टंट म्हणून बसवल्या जाणाऱ्या बहुतेक विजेच्या गिझरांत ३ लिटरची टाकी असतेच. ३ किलोवॉटच्या कॉइलने २५ अंशांचे ३ लिटर पाणी १०० अंशांना न्यायला जेमतेम ५ मिनिटे लागतात. २ किलोवॉटच्या १५ लिटर गिझरला तेवढ्यासाठी सुमारे ४० मिनिटे लागतात. लहान गिझरमध्ये चूक लक्षात यायला वेळच कमी मिळतो.

खरोखरच टाकीविरहित हीटर पाणी वाहू लागल्यावरच पेटतो, म्हणून त्याचा धोका कमी. तरीही अमेरिकेत अशा हीटरलाही दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवण्याची पद्धत आहे. साठवणीच्या हीटरसाठी तेथील प्लंबिंग संहितांत दाब आणि तापमान या दोन्हींवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हची सक्ती आहे. त्याच्या निचरा नळीवर कोणताही नळ चालत नाही. नळीच्या टोकाला आटेही ठेवायचे नाहीत. म्हणजे बूच बसवण्याची सोयच उरत नाही.

आपल्याकडेही एवढी शिस्त अवघड नाही. व्हॉल्व्हला नळी जोडून ती मोरीपर्यंत न्यावी, थेंबांचा त्रास संपतो. गिझर बंद असतानाही पाणी गळत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकले आहेत किंवा इमारतीतला दाब जास्त आहे. दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब वाढतो. त्यामुळे उंच इमारतींत खालच्या मजल्यांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. त्याची देखभाल सोसायटीने करावी. बोअरवेलचे पाणी असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह दरवर्षी तपासून घ्यावा. ज्या गिझरच्या बाहेरच्या बाजूला नळ लावू नका, अशी सूचना असते, तिथे तो लावू नये.

आणि प्लंबर बूच काढू लागला, तर घरच्यांनी त्याला थांबवून नवा व्हॉल्व्ह मागावा. गिझरच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.