भिंतीवरील व्यंगचित्र

घराची भिंत मुकी नसते. तिच्यावर टांगलेली तसबीर घरच्या माणसांची आवड बोलून दाखविते आणि मुलांस तर शाळेच्याही आधीं शिकवूं लागते. जुन्या राजकीय व्यंगचित्रांच्या सुबक प्रती चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावण्याची हौस अलीकडे कित्येक घरांत दिसते. तिजविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावे असें आम्हांस वाटतें.

छापील चित्रांनीं घर सजविणें आपल्याकडे नवें नव्हे. पुण्यास १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी ह्यांनीं चित्रशाळा काढिली. मुंबईस १८९४ सालीं राजा रविवर्मा ह्यांचा शिळाछापखाना निघाला. ह्या छापखान्यांनीं देवादिकांच्या तसबिरी सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोंचविल्या. तीं चित्रें वंदनासाठीं होतीं. व्यंगचित्राचा धर्म निराळा. तें हात जोडावयास लावीत नाहीं, विचार करावयास लावितें.

त्याचा जन्मही शोभेसाठीं झाला नाहीं. लंडनमध्यें जेम्स गिलरे ह्याचीं हातानें रंगविलेलीं चित्रें हॅना हम्फ्री नामक बाईच्या दुकानाच्या काचेंत लागत. १८०५ सालच्या त्याच्या एका चित्रांत इंग्लंडचा मुख्य प्रधान पिट व नेपोलियन हे मेजाशीं समोरासमोर बसून पृथ्वीचा गोळा पुडिंगाप्रमाणें कापून घेत आहेत. फ्रान्समध्यें ओनोरे दोमिए ह्यानें १८३१ सालीं राजा लुई फिलिप ह्यास प्रजेचें धन गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपांत रेखाटिलें, आणि त्यापायीं त्यास १८३२ सालीं तुरुंगांत जावें लागलें. आज तें चित्र ज्याच्या भिंतीवर आहे, त्यास ही हकीकत ठाऊक नसेल तर त्यानें केवळ चौकट विकत घेतली असें आम्ही म्हणूं.

चित्र राहतें आणि प्रसंग निघून जातो, ह्याचा अनुभव विवळवेढ्याच्या आसपास राहणारांस पुष्कळ आहे. वारली घरांत लग्नाच्या वेळीं गेरूनें सारविलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. त्या चौकांत पालघट देवी असते, आणि चौकावांचून लग्न लागत नाहीं. ह्याच डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे ह्यांनीं ही कला कागदावर उतरवून जगापुढें नेली व २०११ सालीं ते पद्मश्री झाले, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आज पेल्यांवर, पिशव्यांवर व उपाहारगृहांच्या भिंतींवर तींच माणसें फेर धरून नाचतात, आणि पाहणारास ना पालघट ठाऊक, ना तें लग्न. शोभा उरली, अर्थ हरवला.

राजकीय व्यंगचित्राच्या बाबतींत अर्थ हरवला म्हणजे कधीं कधीं इजाही होते. १९४९ सालीं संविधानाचें काम लांबलें म्हणून शंकर ह्यांनीं एक चित्र काढिलें. संविधानाच्या गोगलगाईवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत, मागें पंडित नेहरू उभे आहेत, आणि दोघांच्याही हातीं चाबूक आहे. तें चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत होतें. २०१२ सालीं त्यावरून संसदेंत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार प्राध्यापक सुहास पळशीकर व योगेंद्र यादव ह्यांनीं राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुण्यांतील कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड सर्वथा निंद्य होय. तथापि ज्यांच्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या आसूड सोसला, त्यांस चाबकाचें चित्र नुसता विनोद वाटत नाहीं, हेंही तितकेंच खरें. नेहरूंचा चाबूक गोगलगाईवर उगारला आहे कीं बाबासाहेबांवर, हा प्रश्न त्यांच्या मनांत उठला, तर त्यांस अरसिक म्हणून वाटेस लावूं नये.

कित्येक पालक म्हणतील, मग हा उपहास घरांत हवाच कशाला? आमचें उत्तर असें. दावीद राजाच्या हातून घोर पाप घडलें, तेव्हां नाथान संदेष्ट्यानें त्यास गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची व ती हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. राजानें त्या श्रीमंतास दोषी ठरविलें, आणि तो श्रीमंत आपणच हें त्यास तेथल्या तेथें कळून आलें. नाथानानें जें गोष्टीनें केलें, तें चांगला व्यंगचित्रकार रेषेनें करितो. ज्या घरांत थोरांच्या चुकीकडे बोट दाखविण्याची मुभा नाहीं, तेथील मुलें आज्ञाधारक होतील. न्यायी होतील कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका आहे.

म्हणून व्यंगचित्र जरूर लावावें, परंतु तीन गोष्टी पाळाव्या. चित्राखालीं साल, चित्रकाराचें नांव व प्रसंग दोन ओळींत लिहावा. दुसरें, हें चित्र कोणास हंसतें, बलवंतास कीं दुबळ्यास, हें आधीं पाहावें. दुबळ्यास हंसणारें चित्र इतिहासाच्या पुस्तकांत राहूं द्यावें, त्यास घरांत मान देऊं नये. तिसरें, निदान एक तरी चित्र आपल्याच लोकांस चिमटा काढणारें असावें. गगनेंद्रनाथ ठाकूर ह्यांनीं १९१७ सालीं 'विरूप वज्र' व 'अद्भुत लोक' हे शिळाछाप चित्रसंग्रह काढून आपल्याच बंगाली समाजांतील ढोंग उघडें केलें. स्वतःस हंसण्याचें धैर्य असलें म्हणजे दुसऱ्यास हंसण्याचा थोडा अधिकार येतो.

तसबीर महालक्ष्मीच्या यात्रेंत घेतली काय किंवा मुंबईच्या दुकानांत घेतली काय, मुलांनीं "हें काय आहे?" असें विचारिलें असतां घरांत उत्तर देणारें कोणी असावें, एवढेंच आमचें पालकांस नम्र सांगणें आहे.