६१७ अंकी कुलूप किती काळ टिकणार?

गणितज्ञांना एका संख्येविषयी बरेच काही ठाऊक आहे. ती ६१७ अंकी आहे, विषम आहे, मूळ नसून संयुक्त आहे आणि केवळ दोन मूळ संख्यांचा गुणाकार करून ती मुद्दाम घडविण्यात आली आहे. त्या दोन संख्या कोणत्या, हे मात्र आजवर कोणीही जाहीर करू शकलेले नाही. 'आरएसए-२०४८' नावाच्या या संख्येचे अवयव शोधणाऱ्यास दोन लाख डॉलरचे पारितोषिक होते. २००७ मध्ये स्पर्धा गुंडाळली गेली. संख्या अभंगच राहिली.

अवयव न सापडताही संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध करता येते. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या संयुक्त असल्याचे एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखविले. तिचे अवयव फ्रँक कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. संख्या मूळ की संयुक्त, याचा निवाडा आटोक्यातील वेळेत निश्चितपणे करणारी पद्धत कानपूर आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. अवयव शोधण्याची तितकी सुलभ पद्धत नेहमीच्या संगणकांसाठी अद्याप सापडलेली नाही.

निवाडा सोपा आणि फोड अवघड, या तफावतीवरच इंटरनेटवरील गोपनीयतेचा मोठा भाग उभा आहे. अनेक संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे याच आकाराच्या संख्या वापरतात. २०२० मध्ये २५० अंकी संख्येची फोड झाली, तेव्हा एका प्रोसेसर-गाभ्याला सुमारे २७०० वर्षे पुरेल इतके काम असंख्य गाभ्यांत वाटून घ्यावे लागले.

धोका आहे तो क्वांटम संगणकाचा. अशा यंत्रावर अवयव झटपट काढण्याची रीत पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखविली. त्यासाठी दोन कोटी क्यूबिट लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये होता. मे २०२५ मध्ये तो दहा लाखांच्या आत आला. एवढे यंत्र आज कोणाकडे असल्याचे ज्ञात नाही. परंतु आज चोरून साठविलेली माहिती उद्या उलगडता येईल, ही खरी चिंता आहे. पासवर्ड बदलता येतो. आजारपणाच्या नोंदी आणि जुने करार बदलता येत नाहीत.

अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये पर्यायी पद्धतींची तीन मानके जाहीर केली. भारताने एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मंजुरी दिली. तथापि, संशोधनास निधी देणे वेगळे आणि बँका, रुग्णालये व सरकारी कार्यालयांतील जुनी कुलपे बदलणे वेगळे. दुसरे काम संथ आणि खर्चिक आहे, तसेच त्यातून टाळ्या मिळत नाहीत. ६१७ अंकी संख्या फुटेल त्या दिवशी ते हाती घेतले, तर फार उशीर झालेला असेल.