बेकायदा स्थलांतर : नफा कोणाचा, किंमत कोणाची?

जानेवारी २०२५ पासून अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत जन्मदाखला हा राजकारणाचा विषय झाला. उशिरा नोंदविलेल्या जन्मांचे दाखले बांगलादेशी घुसखोरांनी मिळविल्याचे आरोप झाले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, असे दाखले देणे थांबविले आणि पुढे त्यासंबंधीचे नियम कडक केले. त्याच सुमारास, ५ फेब्रुवारी २०२५ रोजी, अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. प्रवासभर हातापायांत बेड्या होत्या, असे परतलेल्यांनी सांगितले. पहिल्या बातमीने ज्यांचे रक्त तापले, त्यांच्यापैकीच अनेकांना दुसऱ्या बातमीने वेदना झाल्या. परंतु या दोन्ही बातम्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, हे फार थोड्यांनी ओळखले.

प्रस्तुत लेखकाचा जन्म सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कुटुंबातला आहे. फाळणीनंतर हजारो सिंधी कुटुंबे तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात आली. अमरावतीचा रामपुरी कॅम्प आणि अकोल्याचा सिंधी कॅम्प ही नावे त्याची साक्ष आजही देतात. वऱ्हाडाला बाहेरून आलेला माणूस नवा नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव कडाडले आणि तेव्हापासून मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी येथे येत राहिले. त्यांच्यामागून मजूरही आले.

निर्वासित उभे राहिले ते स्वतःच्या कष्टांवर, असे आम्ही अभिमानाने सांगतो. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे स्थायिक झालेल्यांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिक मानले. त्यानंतर आलेल्यांसाठी नोंदणीचा मार्ग खुला ठेवला. १९५४ च्या कायद्याने नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाची व्यवस्था केली. हातात कागद होता म्हणून मुलाचे नाव शाळेत घालता आले, दुकानाचा परवाना काढता आला, कोणी फसविले तर पोलीस ठाण्याची पायरी निर्धास्तपणे चढता आली. आमच्या वडीलधाऱ्यांनी दारिद्र्य भोगले, पण त्यांना लपावे लागले नाही. कायदेशीर आणि बेकायदा स्थलांतर यांतील खरा भेद हाच आहे.

लपून राहणाऱ्या माणसाचे अर्थशास्त्र निराळे असते. त्याचे कौशल्य कमी नसते, अंगातले बळही कमी नसते. कमी असते ती केवळ सौदा करण्याची शक्ती. मालकाला त्याच्या तक्रारीची भीती नसते, उलट त्यालाच मालकाने पोलिसांना कळविण्याची धास्ती असते. सबब त्याची मजुरी बाजारभावाने ठरत नाही, भीतीने ठरते. अपघात झाला तर भरपाई नाही, आजारात रजा नाही आणि संघटना तर स्वप्नातही नाही. बेकायदेपणा हे मजुरी पाडण्याचे एक साधन आहे आणि त्याचा नफा दलाल, ठेकेदार व मालक या तिघांत वाटला जातो.

प्रथम आपल्याच मुलांचा विचार करू. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली परवानाधारक भरती एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर, एवढेच शुल्क घेण्याची मुभा देण्यात आली. याउलट अमेरिकेतून परत पाठविलेल्यांपैकी अनेकांनी दलालांना चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास लाख रुपये मोजल्याचे सांगितले. शेत विकून, घर गहाण टाकून उभी केलेली ती रक्कम होती. एवढे मोजून पदरात काय पडले? कोलंबिया आणि पनामा यांच्यामधले दारियेनचे जंगल आणि शेवटी बेडी. माणूस परत आला तरी कर्ज परत जात नाही. ते घरातल्या म्हाताऱ्यांच्या आणि धाकट्या भावंडांच्या डोक्यावर बसते.

हा धोका केवळ अमेरिकेच्या वाटेवर नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून भारत सरकारने आपल्या ५४९ नागरिकांना परत आणले. चांगल्या नोकरीच्या आमिषाने त्यांना तिकडे नेऊन संगणकावरून लोकांना लुबाडण्याच्या कामाला जुंपण्यात आले होते. जो पर्यटक म्हणून देश सोडतो, त्याची कामगार म्हणून कोठेही नोंद होत नाही. मग तो नाहीसा झाला तरी शोधायचे कोठे? कापसाच्या भावाने ज्यांचे कंबरडे मोडले आहे आणि ज्यांच्या घरात पदवीधर मुलगा रिकामा बसला आहे, अशा वऱ्हाडातील कुटुंबांना या जाहिराती गोड वाटल्या तर नवल नाही. म्हणूनच सावध राहिले पाहिजे.

आता सीमा ओलांडून आपल्याकडे येणाऱ्याकडे पाहू. त्याची कहाणी वेगळी नाही. तोही दलालाला पैसे मोजून येतो आणि पडेल त्या मजुरीवर राबतो. काही मित्र म्हणतात, गरिबाला देशाच्या सीमा कसल्या? ही भूमिका उदात्त वाटते, पण ती आम्हांला मान्य नाही. सीमेचे नियमन करण्याचा राज्याला अधिकार आहे आणि चोरवाटेने आलेला निराधार मजूर स्थानिक मजुराचीही मजुरी खाली ओढतो. मात्र त्या मजुराला हाकलून ज्यांनी त्याला आणले व राबविले त्यांना मोकळे सोडणे, हा कायद्याचा अंमल नव्हे. मागणी कायम राहिली की पुढचा मजूर त्याच वाटेने येतो, फक्त दलालाचा दर वाढतो.

तिसरी किंमत मोजतो तो येथलाच गरीब, आणि वऱ्हाडात आज हीच बाजू सर्वांत महत्त्वाची आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा उशिरा होणाऱ्या नोंदणीसाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. पुढे अनेक दाखले नायब तहसीलदारांच्या आदेशाने दिले गेले आणि त्यांना तो अधिकार नव्हता, अशी भूमिका शासनाने घेतली. अधिकाराची चूक कार्यालयाची. पण शंकेची नजर अर्जदारावर!

मेळघाटातल्या झोपडीत जन्मलेला कोरकू, बेड्यावर जन्मलेला फासेपारधी, बाळापूर वा अंजनगावच्या मोहल्ल्यात सुइणीच्या हातून जन्मलेली मुसलमान म्हातारी, यांच्या जन्माची नोंद वेळेवर कोणी केली असेल? उशिराची नोंद हाच त्यांचा मार्ग. खोटी कागदपत्रे जोडणाऱ्यावर आणि ती विकणाऱ्यावर जरूर खटला भरावा. परंतु चौकशी व्यक्तीची व्हावी, जमातीची नव्हे. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने ज्याच्यावर संशय त्याच्यावरच टाकला होता, आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तेथेच ठेवला आहे. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे वगळली गेली. कागदाच्या परीक्षेत आधी नापास होतो तो निरक्षर, भूमिहीन आणि परगावी नांदायला गेलेली बाई, हा त्यातला धडा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला एजंटाचा परवाना सरकारी नोंदीत तपासून द्यावा आणि पर्यटक व्हिसावर नोकरीला जाण्यापासून त्याला परावृत्त करावे. गावोगाव ज्यांची जन्मनोंद नाही त्यांची यादी करावी. शाळेचा दाखला, जुनी मतदार यादी, जमिनीचा फेरफार असे पुरावे जमवून अर्ज नियमाप्रमाणे भरून घ्यावेत, म्हणजे दलालाची गरजच उरणार नाही. दाखला रद्द करण्यापूर्वी प्रत्येकाला सुनावणी मिळावी, असा आग्रह तहसील कचेरीत धरावा. आणि मजूर कोठलाही असो, किमान वेतनापेक्षा कमी देणाऱ्या मालकाविरुद्ध तक्रार नोंदवावी. कमी मजुरीवर माणूस राबविण्यात फायदा उरला नाही, म्हणजे या व्यापाराचे मूळच सुकेल.

निर्वासितांना वऱ्हाडाने जागा दिली, तेव्हा राज्याने त्यांच्या हाती कागद दिला आणि समाजाने विश्वास दिला. आज कागदाचा बाजार मांडला गेला आहे आणि विश्वास आटत चालला आहे. बाजार मोडणे हे सरकारचे काम आहे. विश्वास टिकविणे हे आपले.