लॅपटॉप सुरू होताच हँग होतो? 'फॉरमॅट' शेवटी, आधी 'सेफ मोड'

बटण दाबले, पासवर्ड टाकला, डेस्कटॉप दिसला आणि माऊसचा बाण जागच्या जागी थांबला. कीबोर्डही दाद देत नाही. शेवटी पॉवरचे बटण दाबून लॅपटॉप बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा आणि पुन्हा तेच. नाशिकमध्ये कॉलेज रोड असो वा सिडको, असा लॅपटॉप दुरुस्तीला नेला की अनेकदा एकच वाक्य ऐकू येते : 'फॉरमॅट मारावा लागेल.' आपणही लगेच मान डोलावतो. आक्षेप आहे तो या मान डोलावण्याला.

फॉरमॅटला विरोध का?

फॉरमॅट म्हणजे विंडोज असलेला 'सी ड्राइव्ह' पुसून सगळे नव्याने टाकणे. आपल्यापैकी बहुतेकांच्या फाइल डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये असतात आणि ही दोन्ही ठिकाणे सी ड्राइव्हवरच असतात. सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकाची बिले, निफाडच्या द्राक्ष बागायतदाराच्या फवारणीच्या नोंदी, मुक्त विद्यापीठातील विद्यार्थ्याचा प्रकल्प... बॅकअप नसेल, तर सगळे एका फटक्यात जाते. शिवाय दोष एखाद्या ड्रायव्हरचा असेल, तर नव्याने टाकलेले विंडोज इंटरनेटला जोडताच तोच ड्रायव्हर अपडेटमधून पुन्हा आणू शकते. म्हणजे पैसे गेले, फाइल गेल्या आणि आजार तिथेच.

ड्रायव्हर म्हणजे काय?

स्क्रीन, वायफाय, आवाज, टचपॅड या प्रत्येक भागाला विंडोजचा आदेश समजावून सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. यातले अनेक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. साधे ॲप बिघडले तर तेवढे ॲप बंद पडते. कर्नलमधला ड्रायव्हर बिघडला तर अख्खा लॅपटॉप अडकतो. डेस्कटॉप येताच हँग होण्यामागे ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर असू शकतो, कारण त्यांचे खरे काम तेव्हाच सुरू होते.

याचा मोठा दाखला कोणता?

१९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल तिच्या कर्नल ड्रायव्हरने वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा उपाय काय होता? ते संगणक फॉरमॅट करणे नव्हे. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकणे, हा कंपनीनेच सांगितलेला मार्ग होता. जो उपाय विमान कंपन्यांना चालला, तो आपल्या घरच्या लॅपटॉपवर आधी करून पाहायला काय हरकत आहे?

सेफ मोडमध्ये कसे जायचे?

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी आवश्यक तेवढ्याच ड्रायव्हरवर चालते. विंडोज १० आणि ११ मध्ये पूर्वीचे 'एफ ८' बटण सहसा चालत नाही. पासवर्डचा पडदा येत असेल, तर 'शिफ्ट' दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडा. तेही जमत नसेल, तर सुरू होताना चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. असे दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट या क्रमाने जा आणि ४ दाबा.

काही लॅपटॉप इथे ४८ अंकी बिटलॉकर की मागतात. घाबरू नका. ती अनेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. ती आजच कागदावर लिहून ठेवा.

पुढे काय?

सेफ मोडमध्ये लॅपटॉप नीट चालला, तर संशय ड्रायव्हरवर किंवा सुरू होतानाच चालू होणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर. सर्वात आधी महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मग स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'डिस्प्ले ॲडाप्टर्स'मधील ग्राफिक्सच्या नावावर प्रॉपर्टीज, ड्रायव्हर आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडा. हे बटण फिके असेल, तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करा; विंडोज ड्रायव्हर पुन्हा लावण्याचा प्रयत्न करते. फरक पडला नाही, तर हेच वायफायसाठी करा. 'स्टोरेज कंट्रोलर्स'ला मात्र हात लावू नका. बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर सिस्टिम रिस्टोअरने आधीच्या तारखेला परतता येते.

नवा ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरूनच, आपले मॉडेल पाहून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या फुकट ॲपच्या नादी लागू नका. आणि सेफ मोडमध्येही लॅपटॉप हँग होत असेल, तर रॅम, डिस्क किंवा तापणे तपासायला हवे. तेव्हा दुकान गाठाच.

दोष फक्त दुकानदाराचा?

नाही. फॉरमॅटला किती वेळ लागेल हे त्याला माहीत असते. बिघाड शोधायला किती लागेल ते नसते. फॉरमॅटचे पैसे आपण निमूट देतो, पण 'नुसते तपासायचे' म्हटले की घासाघीस करतो. मग तो सोपा मार्ग धरणारच. तेव्हा तपासणीचे पैसे आनंदाने द्या आणि तीन प्रश्न विचारा : सेफ मोडमध्ये चालतो का? बिघाड नेमका कशात आहे? फॉरमॅटआधी माझ्या फाइल काढून देणार का? उत्तरे मिळाली आणि तरीही फॉरमॅटच लागत असेल, तर जरूर करा. पण उत्तराशिवाय नको. लॅपटॉप नवा घेता येतो; त्यातल्या नोंदी आणि फोटो विकत मिळत नाहीत.