शनिवारी राखाडी

नवरात्र आठवड्यावर आलं की हिंदमाताच्या साडीबाजारात राखाडी साडीची विचारपूस सुरू होते. लाल, हिरवी, पिवळी साडी प्रत्येकीच्या कपाटात असते. लग्नात, डोहाळजेवणात, कोणाच्या ना कोणाच्या हातून ती मिळालेली असते. राखाडी साडी मात्र आपल्याकडे कोणी कोणाला आहेरात देत नाही, म्हणून शनिवारसाठी धावाधाव. दुकानदारही आता सरावलेत. ‘शनिवारची ना, ताई?’ एवढंच विचारतात आणि बोलता बोलता पाच-सहा घड्या मोडून गादीवर पसरतात. एक चंदेरी काठाची, एक थेट सिमेंटच्या रंगाची, एक तर जवळजवळ निळीच. ‘ट्रेनमध्ये चालून जाईल,’ असं वर आश्वासनही देतात.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग ‘बाई आणि रंग’ असा ठरला, तेव्हा आमच्या संपादक मंडळातली पहिली खडाजंगी या राखाडीवरूनच झाली. एकीचं म्हणणं, नवरात्राचे नऊ रंग हे बाजाराचं खूळ आहे, आपण त्यावर पानं खर्च करायची नाहीत. दुसरीचं म्हणणं, बायका हौसेने नटतात, त्यात कसला आलाय स्त्रीवाद. मला या दोघींहून वेगळं वाटतं, आणि संपादकीय माझ्या वाट्याला आल्यामुळे ते सविस्तर सांगायची सोय आहे.

नऊ रंगांना पुराणाचा आधार नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’ने हा उपक्रम सुरू केला. रोजचा रंग जाहीर करायचा आणि त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायकांचे घोळक्याने काढलेले फोटो छापायचे. रंग ठरतात वारावरून. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. उरलेल्या दोन दिवसांना मोरपिशी, गुलाबी, जांभळा यांतले कोणते तरी दोन. कोणत्या देवीला कोणता रंग प्रिय ही माहिती मागाहून चिकटली. शनिवारचा रंग खरं तर काळा असायला हवा होता. पण नवरात्रात सवाष्णींना काळं नेसायला सांगायची छाती कोणत्या पेपरला होणार? म्हणून राखाडीवर भागवलं असावं, असा माझा आपला अंदाज.

खप वाढवायला निघालेली ही कल्पना लेडीज डब्यात शिरली आणि तिचं काहीतरी वेगळंच झालं. पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल चर्चगेट ते बोरिवली धावली ती ५ मे १९९२ रोजी. डब्यातल्या बायकांचे गट, वाढदिवस, भिशी, भाजी निवडणं हे सगळं त्याच्याही आधीपासूनचं. नवरात्रात त्या डब्यात दादरला चढून बघा. बँकेतली अधिकारी, केईएममधून रात्रपाळी करून घरी निघालेली परिचारिका, कॉलेजातली मुलगी आणि चार घरची पोळ्या-भाजी करायला निघालेली मावशी, सगळ्या एकाच रंगात. सोमवारी सगळा डबा पांढरा असतो. त्या पांढऱ्यात कोणाचा नवरा हयात आहे, कोणाचा गेला, कोणी सोडलाय आणि कोणी केलाच नाही, हे साडीकडे बघून सांगता येत नाही.

या एका गोष्टीसाठी मला नऊ रंग महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे बाईच्या अंगावरचा रंग हा आजवर तिच्या नवऱ्याचा दाखला होता. हिरवा चुडा, लाल कुंकू, मंगळसूत्रातले काळे मणी, पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा, सगळं त्याच्या नावाने चालू आणि त्याच्या नावाने बंद. बायको वारल्यावर पुरुषाच्या सदऱ्याचा रंग बदलल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. बायको मेली तर नवऱ्याने का विद्रूप होऊ नये, हा सवाल ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’त १८८२ मध्येच केला होता. आणि दोष रंगाचा म्हणावा तर तेही नाही. ब्राह्मण विधवेचं आलवण लालच असायचं. सवाष्णीच्या कपाळावर लाल शुभ, विधवेच्या अंगावर लाल अशुभ.

मुंबईत रंगाचं हे बंधन जिच्या बाबतीत सर्वांत टोचतं, ती बाई म्हणजे डॉ. रखमाबाई. अकराव्या वर्षी त्यांचं दादाजी भिकाजींशी लग्न लावून दिलं होतं. त्या नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोचा ताबा मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. त्याआधीच ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहून त्यांनी बालविवाहावर कोरडे ओढले होते. सगळी मुंबई, पुणं, पार लंडनपर्यंत लोक या खटल्यावर भांडत होते. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परतल्या, सुरतेत आणि पुढे राजकोटला बायकांची इस्पितळं सांभाळली.

१९०४ मध्ये दादाजी वारले, आणि रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला घेतली.

ज्या नवऱ्याबरोबर राहण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटलं, त्याच्यासाठी! त्यांनी तसं का केलं याचा निवाडा करणारी मी कोण? ज्या घरांतल्या बायका त्यांच्याकडे बाळंतपणाला येत, त्या घरांचा विचार केला असेल. संस्कार असतील. मी एवढंच म्हणेन की कोर्टातून सुटणं त्यांना जमलं, साडीच्या रंगातून सुटणं जमलं नाही. पुढे १९५५ पर्यंत त्या जगल्या.

सुटायच्या वाटा या शहरात इतरांनीही शोधल्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढलं. तिथे शिकायला आलेली बालविधवा गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच तो खाली ठेवला. सुधारकांच्या ढीगभर व्याख्यानांपेक्षा मला ही सभा मोठी वाटते.

आणि पांढऱ्या रंगाचं पुरतं वेगळं आयुष्य बघायचं तर नायगावच्या किंवा डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीतल्या बौद्ध लग्नाला जावं. नवरी पांढऱ्या साडीत असते. ज्या रंगात सवर्ण घरात बाईचा संसार संपला असं मानत, त्याच रंगात इथे तो सुरू होतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर जे बदललं त्यात हे आहे. त्याचं मूळ आणखी मागे महाडला सापडतं. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली त्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की जातीची खूण पटवणारं नेसणं आणि ते दागिने टाका, लुगडं घोट्यापर्यंत नेसा. बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदलली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात त्या काळातल्या बायका स्वतः बोलतात. ज्यांना कपड्यांवर बोलणं थिल्लर वाटतं, त्यांनी ते वाचावं.

मुंबईबाहेरच्या जगातही रंगांचं असंच झालं. मताधिकारासाठी लढणाऱ्या इंग्लंडमधल्या बायकांनी १९०८ मध्ये जांभळा, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग घेतले, तर लंडनच्या दुकानदारांनी लगेच त्या रंगांच्या फिती आणि टोप्या विकायला काढल्या. तेव्हा बाजाराने रंग बाटवले ते काही आपल्याचकडे नाही. अर्जेंटिनात गर्भपाताच्या हक्कासाठी बायकांनी हिरवे रुमाल गळ्यात बांधले आणि डिसेंबर २०२० मध्ये कायदा करून घेतला. उत्तर प्रदेशातल्या बांद्याच्या संपत पाल यांनी २००६ मध्ये बायकांना गुलाबी साडी नेसवून आणि हातात लाठी देऊन गुलाबी गँग उभी केली. गुलाबी हा मुलींचा रंग, हेही काही अनादि सत्य नव्हे. १९१८ मध्ये अमेरिकेतलं कपड्यांच्या धंद्याचं एक नियतकालिक गुलाबी मुलग्यांना आणि निळा मुलींना असं सांगत होतं. पुढे दुकानदारांनी उलटं ठरवलं आणि आपल्या बारशांतही तेच आलं.

आपल्या राजकारणाने तर गुलाबी पार घासून काढलाय. २०२४ च्या निवडणुकीआधी लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये जाहीर झाले आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार गुलाबी जॅकेट घालून दौऱ्यावर निघाले. बायकांसाठीच्या सरकारी ई-रिक्षाही ‘पिंक’च. दीड हजारांचं मोल घरकाम करणाऱ्या बाईला विचारा, मी त्यावर नाक मुरडणार नाही. पण रंग दिला की हक्क दिल्यासारखं होतं, ही समजूत पसरत चालली आहे. गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, भगवा फेटा बांधून मोटरसायकलवर निघालेल्या मुलींचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळे पेपर छापतात. फेटा उतरल्यावर घरात गाडीची किल्ली त्यांच्या हातात येते का, हे कोणी विचारत नाही.

नऊ रंगांची दुसरी बाजू झाकायचं कारण नाही. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रंग न नेसणारीला ‘तू नाही का आमच्यात?’ असं विचारणं हा जाच आहे. नऊ साड्या जमवायच्या तर पैसे लागतात, आणि आपल्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी शेजारणीची साडी मागून आणतात, याचं कौतुक करताना ती त्यांना का मागावी लागते हेही बोलावं. रंग सांगतो पेपर, विकतो दुकानदार आणि धुऊन इस्त्री करायची बाईनेच. आमच्या याच अंकातल्या जाहिराती चाळल्यात तर निम्म्या साड्यांच्या आणि दागिन्यांच्या निघतील. त्यांच्याशिवाय अंक निघत नाही, तेव्हा त्यांचे आभार मानूनच हे लिहिते आहे.

मुखपृष्ठाबद्दल एक शब्द. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्याने दिवाळी अंकाला बाईचा चेहरा दिला, इतका की तो नसला तर अंक सुना वाटतो असं विक्रेते सांगतात. आमच्या मुखपृष्ठावर यंदा चेहरा नाही. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या आहेत, आणि त्यांत एक राखाडी आहे. तक्रारी आल्या तर छापू.

आता मूळ मुद्दा. नऊ दिवस डब्यात जे सहज जमतं, ते जानेवारीत चाळीत जमत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की बोलावण्याची यादी होते आणि त्या यादीत दोन खोल्या पलीकडच्या काकू नसतात. नवरात्रात त्यांच्याच बरोबर फोटो काढलेला असतो. वाण लुटताना काकू दार लोटून घेतात, आणि आपण ‘त्यांनाच आवडत नाही’ असं म्हणून मोकळ्या होतो. मनात आणलं तर हे मोडता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की गावात नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मुंबईत ग्रामसभा नसते. सोसायटीची वार्षिक सभा असते आणि ती पार्किंगवर संपते. मंडळं मात्र आहेत, महिला शाखा आहेत, चाळ समित्या आहेत. लालबाग-परळच्या मंडळांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे दरवर्षी भाद्रपदात सगळा देश बघतो.

तेव्हा वाचक मैत्रिणींना आणि हळदीकुंकवाचा खर्च उचलणाऱ्या वाचक मित्रांनाही विनंती. यंदा बोलावण्याची यादी करताना नवऱ्याचा रकाना काढून टाका. काकूंना आधी बोलवा, वाण त्यांच्या हातून लुटा. कुंकू लावायचं की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दिवस मिळतात, आणि कोणी आलं, कोणी नाही आलं, कोण रुसलं ते आम्हाला कळवा. पत्रं पुढच्या अंकात घेऊ.